आधी ऐका, मग स्क्रू पिळा

लॅपटॉप करकरायला लागला की बहुतेक घरांत दोनपैकी एक निकाल लगेच लागतो. ‘स्वस्तातला घेतला, असंच होणार,’ हा पहिला. ‘चालतोय ना? मग चालू दे,’ हा दुसरा. दोन्ही निकाल देणाऱ्यांनी आवाज नेमका कुठून येतो हे मात्र पाहिलेलं नसतं. टाइप करताना तळहात टेकला की डाव्या कोपऱ्यात कुर्र होतं, झाकण उघडताना उजवीकडे कट् वाजतं, टेबलावरून उचलताना तळाशी चर्र होतं. कानाला हे आवाज सारखेच वाटतात, पण त्यांची कारणं वेगळी, गांभीर्य वेगळं आणि त्यांवर होणारा खर्चही वेगळा. एखादा आवाज एका सैल स्क्रूचा असतो आणि पाच मिनिटांत जातो. एखादा बिजागरी पॅनलमधून उखडू लागल्याची आगाऊ खबर देतो. एखाद्यामागे फुगलेली बॅटरी असते, आणि तिथे मुद्दा आवाजाचा उरतच नाही, सुरक्षिततेचा होतो. म्हणून करकर आधी ओळखायची आणि मग बंद करायची, हा क्रम महत्त्वाचा आहे. क्रम उलटा केला, म्हणजे दिसेल त्या फटीत तेल सोडलं किंवा कागद कोंबला, तर आवाज जातो आणि दुखणं आत राहतं.

करकरीमागचं भौतिकशास्त्र शाळेच्या पुस्तकाएवढंच आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असले की त्यांना सरकवायला सुरुवातीला जेवढं बळ लागतं, त्यापेक्षा सरकत ठेवायला कमी पुरतं. पहिलं स्थिर घर्षण, दुसरं गतिज घर्षण. यांतला एक भाग किंचित लवचीक असेल तर गंमत सुरू होते. तळहाताच्या दाबानं पॅनल वाकू पाहतं, पण जोडाच्या जागी ते चिकटून राहतं. ताण साठत जातो, स्थिर घर्षणाला पुरून उरला की पॅनल सटकतं, थोडं पुढे जातं, ताण उतरतो आणि ते पुन्हा चिकटतं. हे अडकणं-सटकणं सेकंदाला शेकडो वेळा झालं की कुर्र ऐकू येतं, एकदाच झालं तर कट्. १९३९ मध्ये केंब्रिजमध्ये फ्रँक बोडन आणि त्यांचे सहकारी लेबेन यांनी धातूंवर प्रयोग करून ही अडखळती चाल मोजून दाखवली होती. सारंगीचा गज तारेतून सूर काढतो तोही याच चालीनं, आणि गजाला राळ लावतात ती हे अडकणं-सटकणं नीट व्हावं म्हणूनच. लॅपटॉपमध्ये आपल्याला नेमकं याच्या उलट हवं असतं. घासणारी जागा जेमतेम मिलिमीटरभर असते, पण तिच्या भोवतीचं पातळ, पोकळ कवच तो थरथराट हवेत पसरवतं. त्यामुळे बारीकसा दोष खोलीभर ऐकू येतो. आणि त्यामुळेच आवाज जिथून आल्यासारखा वाटतो, तिथेच तो निर्माण झालेला असेल याची खात्री नसते.

मग लॅपटॉपमध्ये एवढ्या घासायच्या जागा येतात कुठून? दुरुस्तीच्या धंद्यात लॅपटॉपच्या बॉडीचे चार भाग मानतात: ए, बी, सी आणि डी पॅनल. ए म्हणजे झाकणाची पाठ, बी म्हणजे पडद्याभोवतीची चौकट, सी म्हणजे कीबोर्ड आणि टचपॅड ज्यात बसतात तो वरचा भाग, आणि डी म्हणजे तळ. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत सुटे भाग मागायचे ते याच नावांनी. हे भाग एकमेकांना जोडलेले असतात दोन तऱ्हांनी. तळाकडून साधारण आठ ते बारा स्क्रू वर येतात, आणि कडेनं प्लॅस्टिकचे बारीक लॉक एकमेकांत अडकतात. स्क्रू ठरावीक ठिकाणीच पकडतात, त्यांच्या मधल्या सगळ्या कडेची भिस्त लॉकवर असते. एक लॉक तुटला किंवा नीट बसला नाही की त्या वीतभर जागेत पॅनलला हलायची मुभा मिळते. त्यात सगळे भाग एका पदार्थाचे नसतात. पॅनल बहुधा पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या प्लॅस्टिकांच्या मिश्रणाचं, आतला सांगाडा मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचा, हिंज म्हणजे झाकणाची बिजागरी पोलादाची, पडदा काचेचा. प्रत्येकाची लवचीकता वेगळी आणि तापल्यावर फुगण्याचं प्रमाण वेगळं.

हे प्रमाण किती वेगळं, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. पंधरा इंची पडद्याचा लॅपटॉप सुमारे ३६ सेंटिमीटर रुंद असतो. तापमान २० अंशांनी वाढलं तर एवढ्या लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी साधारण ०.१७ मिलिमीटरनं वाढते, आणि तेवढीच प्लॅस्टिकची पट्टी साधारण अर्धा मिलिमीटर. दोहोंत एक तृतीयांश मिलिमीटरचा फरक पडतो, तो कुठेतरी सामावला जावाच लागतो, आणि तो सामावताना जोड सरकतात. वातानुकूलित कार्यालयातून बाहेर पडून मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या लॅपटॉपला २० अंशांचा फरक काहीच नाही. बंद केल्यावर थंड होताना कोणी हात न लावताही तो टक् टक् वाजतो, तो याच कारणानं. दुसरी गोष्ट काळाची. सतत ताणाखाली राहिलेलं प्लॅस्टिक हळूहळू त्या ताणाला शरण जातं, लॉकची पकड सैल होते, आणि नवा असताना मुका असलेला लॅपटॉप तिसऱ्या-चौथ्या वर्षी बोलू लागतो. तिसरी गोष्ट जाडीची. पत्र्याचा किंवा पॅनलचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जाडी निम्मी केली की ताठपणा एक अष्टमांश उरतो. लॅपटॉप पातळ व्हावा ही आपलीच मागणी, आणि तिची किंमत अशी चुकवावी लागते. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत आणखी एका कारणाची भर पडते. काही लॅपटॉपवर हाताला मऊ लागणारा रबरासारखा लेप असतो. दमट हवेत काही वर्षांत त्याचं रासायनिक विघटन होऊन तो चिकट होतो. चिकट पृष्ठभाग जोडात आला की अडकणं-सटकणं आलंच.

इथवरच्या कारणांचं सार काढलं तर करकर होण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: जे भाग हलायला नकोत त्यांची हालचाल, आणि अडखळत घासणारे पृष्ठभाग. म्हणून उपायही दोनच. हालचाल थांबवायची, किंवा घासणारे पृष्ठभाग एकमेकांपासून वेगळे करायचे. ही मांडणी आधी पक्की केली ती मोटारींच्या उद्योगानं. मोटारीच्या आत डॅशबोर्ड, दारांची अस्तरं, वायरी असे शेकडो भाग एकमेकांना टेकलेले असतात, आणि खड्ड्यांतून जाताना त्यांतला एकही वाजलेला गिऱ्हाइकाला खपत नाही. जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेनं त्यासाठी ठरवलेल्या चाचणीत दोन पदार्थांचे तुकडे एकमेकांवर घासतात आणि त्या जोडीला १ ते १० असा धोक्याचा क्रमांक देतात. १ ते ३ आला तर निर्धास्त, ६ किंवा त्यावर आला तर ती जोडी टाळायची. यातला बोध असा की कोणतंही एक प्लॅस्टिक स्वतःहून ‘करकरणारं’ नसतं, करकरते ती जोडी. मोटारीत जिथे जोडी बदलता येत नाही तिथे मधे फेल्टची किंवा लोकरीसारख्या कापडाची चिकटपट्टी लावतात, वायरींचे जुडगेही तिनंच गुंडाळतात. लॅपटॉपसाठी वेगळी युक्ती शोधायची गरज नाही, हीच लहान मापात लागू पडते.

पण कोणता उपाय आणि कुठे, हे ठरवायला आधी जागा सापडली पाहिजे. त्याची रीत सोपी आहे. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, यूएसबीला लावलेलं सगळं काढावं. काही लॅपटॉपमध्ये मेमरी कार्डाच्या खाचेत प्लॅस्टिकचं खोटं कार्ड असतं, तेही काढावं, कारण खुळखुळणारी ती एक नेहमीची जागा आहे. मग लॅपटॉप कडक, सपाट टेबलावर ठेवून चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनं दाब द्यावा. तो डुगडुगला तर उलटा करून तळाचे रबरी पाय मोजावेत. एक पाय गळून पडला असेल तर टाइप करताना प्रत्येक वेळी सबंध बॉडी पिळली जाते, आणि आवाज मात्र भलत्याच जोडातून येतो. त्यानंतर अंगठ्यानं सी पॅनलची कड बोटाबोटाच्या अंतरानं दाबत जावं. जिथे पॅनल खाली जातं आणि कट् होतं, तिथे पेन्सिलीची खूण असलेली कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. मग झाकण अगदी सावकाश उघडावं आणि मिटावं, कान एकदा डाव्या हिंजेकडे, एकदा उजवीकडे. शेवटी हीच तपासणी लॅपटॉप तासभर वापरून तापल्यावर पुन्हा करावी. गार असताना वाजतो आणि तापल्यावर गप्प होतो, किंवा उलट, यावरून दोष पदार्थांच्या फुगण्याशी जोडलेला आहे की नाही ते कळतं. आणि हात न लावता, कामाच्या ओघात येणारे आवाज या यादीत नाहीतच. बारीक शिट्टीसारखा आवाज सर्किटमधल्या कॉइलचा असतो, घरघर पंख्याची असते, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची टकटक ऐकू आली तर सगळं सोडून आधी फाइलींची दुसरी प्रत काढावी.

सापडलेली जागा पॅनलच्या कडेला असेल तर बहुतेक वेळा प्रकरण किरकोळ असतं. तळाचे स्क्रू तपासावेत, काही रबरी पायांखाली लपलेले असतात. कारखान्यातून येणाऱ्या अनेक स्क्रूंच्या आट्यांवर निळा नायलॉनचा ठिपका असतो, तो स्क्रूला आपोआप सैल होऊ देत नाही. लॅपटॉप दोन-तीनदा उघडला गेला असेल तर तो ठिपका झिजलेला असतो, आणि दुरुस्तीनंतर करकर सुरू झाल्याची तक्रार येते तिचं एक कारण हे असतं. दुसरं कारण, स्क्रू अदलाबदल होणं किंवा एखादा न लागणं. स्क्रूंची लांबी सारखी नसते, आखूड जागी लांब स्क्रू गेला तर तो वरचं पॅनल फोडतो किंवा मदरबोर्डला भिडतो. म्हणून कागदावर तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवणं ही चांगल्या कारागिराची सवय आपणही उचलावी. घट्ट करताना समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं घ्यावेत आणि दोन बोटांच्या जोरावर थांबावं, कारण स्क्रू शिरतो तो प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या इवल्याशा पितळी नटात, आणि जास्त पिळला की नटच सुटून येतो. एवढ्यानं भागलं नाही तर तळ उघडून, सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढून, खूण केलेल्या जागी आत पाहावं. घासलेल्या ठिकाणी प्लॅस्टिक चकचकीत झालेलं किंवा पांढुरकं दिसतं. तिथे पॉलिइमाइडची पिवळसर पातळ चिकटपट्टी, म्हणजे मोबाइलच्या दुकानात मिळणारी कॅप्टॉन टेप, एका थरात लावावी. ती उष्णता सोसते आणि वीज वाहू देत नाही. कागदाची घडी घालण्याचा घरगुती उपाय टाळावा. कागद ओल धरतो, दबून सपाट होतो, आणि तळहाताखालच्या भागात घातला तर बॅटरीवर दाब देतो. हवेची भोकं झाकायची नाहीत आणि धातूचा वर्ख असलेली पट्टी वापरायची नाही, हे सांगायला नकोच.

इथे पहिला आक्षेप ठरलेला असतो: एवढा खटाटोप कशाला, दार करकरलं की आपण तेलाचे दोन थेंब सोडतो, तसंच इथे का नको? दाराची बिजागरी पोलादाची असते आणि तिला हलायचंच असतं. लॅपटॉपच्या पॅनलांना हलायचं नसतं, आणि ती पोलादाची नसतात. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या प्लॅस्टिकांचा एक अवगुण साहित्यशास्त्रात चांगला ठाऊक आहे: ताणाखाली असताना त्यांना काही तेलं आणि द्रावकं लागली की त्यांना बारीक तडे जातात. तेल किंवा ताण यांतलं एकटं काही ज्या प्लॅस्टिकला वर्षानुवर्षं बिघडवत नाही, तेच प्लॅस्टिक दोन्ही एकत्र आल्यावर चिरतं. लॅपटॉपमध्ये सर्वांत जास्त ताण असतो स्क्रू धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांपाशी आणि लॉकच्या मुळाशी, आणि फटीत सोडलेलं तेल नेमकं तिथेच ओढलं जातं. म्हणजे आवाज घालवायला टाकलेलं तेल आवाजाचं मूळ कारण वाढवतं. शिवाय त्यावर धूळ बसते आणि ते कीबोर्डात उतरतं ते वेगळंच. टाल्कम पावडरीनं चार दिवस आवाज बंद होतो हे खरं, पण ती पंख्यात जाते. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, त्यातून वीज वाहते. विद्युत सर्किटाजवळ त्याची पूड म्हणजे आपण होऊन ओढवून घेतलेलं संकट. पृष्ठभाग वेगळे करायचे असतील तर कोरडी पट्टी, आणि चिकट झालेला लेप काढायचा असेल तर कापडावर घेतलेलं थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, लॅपटॉप बंद करून. यापलीकडे फटीत काही ओतू नये.

कडेची करकर किरकोळ असते, पण झाकणाच्या बिजागरीजवळची तशी समजू नये. झाकण हव्या त्या कोनात उभं राहावं म्हणून हिंज मुद्दामच घट्ट केलेली असते, तिच्या पोलादी चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात आणि मधे ग्रीस असतं. ग्रीस वाळलं, धूळ गेली की हिंज आणखी कडक होते. आता बळाचा हिशोब पाहा. झाकण आपण धरतो हिंजेपासून सुमारे २४ सेंटिमीटरवर. हिंज सी पॅनलला धरून ठेवणारे स्क्रू एकमेकांपासून असतात साधारण दोन सेंटिमीटरवर. तरफेच्या नियमानं हाताचा जोर त्या स्क्रूंपाशी दहा-बारा पटींनी वाढतो, आणि झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं तर त्याचा बराच भार एकाच हिंजेवर येतो. हे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते नट प्लॅस्टिकच्या खुंट्यांमध्ये गरम करून रोवलेले असतात. आधी खुंटीच्या मुळाशी केसासारखी चीर जाते, तेव्हा झाकण उघडताना कट् होतं. मग चीर पूर्ण होते आणि उघडताना कीबोर्डाची मागची कड किंचित वर उचलली जाते, तिथे फट दिसू लागते. शेवटी एक दिवस हिंज पॅनल फाडून बाहेर येते, कधी पडद्याची वायर तोडून. पहिल्या कट्लाच तळ उघडून हिंजेचे स्क्रू पाहिले आणि हिंज थोडी सैल करून घेतली तर काम थोडक्यात होतं. खुंटी नुकतीच तुटली असेल तर इपॉक्सीनं नट पुन्हा बसवता येतो, दुकानांत हे रोज चालतं, फक्त तो लेप हिंजेच्या फिरत्या भागाला लागता कामा नये. शेवटच्या टप्प्यावर मात्र सी पॅनल, कधी पडदासुद्धा, बदलावा लागतो. एकाच आवाजाच्या दोन टोकांमधला खर्चाचा हा फरक पाहिला की ऐकण्यात घालवलेली पाच मिनिटं वाया जात नाहीत.

तिसऱ्या प्रकारात आवाजाची फिकीर सोडून द्यायची असते. टचपॅड वर आल्यासारखा वाटतो किंवा दाबला तरी क्लिक होत नाही, सपाट टेबलावरही लॅपटॉप पोटावर डुलतो, झाकण मिटल्यावर एका बाजूला फट राहते, आणि यांच्या जोडीनं तळ करकरतो: ही लक्षणं बॅटरी फुगल्याची आहेत. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये लिथियम-आयनच्या चपट्या पिशव्या असतात. वय, उष्णता आणि सतत पूर्ण चार्जवर राहणं यांनी आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतात, आणि पिशवी फुगून वरच्या-खालच्या पॅनलांना ढकलू लागते. अशा वेळी स्क्रू घट्ट करणं म्हणजे फुगलेल्या पिशवीवर आणखी दाब देणं. लगेच लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, पुन्हा चार्ज करू नये, पिशवी टोचू-दाबू नये, आणि लॅपटॉप जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून बॅटरी माहितगाराकडून बदलून घ्यावी. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा कंपनीच्या केंद्राकडे किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे ती द्यावी. लॅपटॉप कायम चार्जरवर ठेवूनच वापरायचा असेल तर अनेक मॉडेलांमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते, ती चालू करून ठेवणं शहाणपणाचं.

दुसरा आक्षेप पैशाचा: हे सगळं प्लॅस्टिकच्या स्वस्त लॅपटॉपचं रडगाणं, थोडे जास्त मोजून धातूचा घेतला की प्रश्न मिटतो. यात तथ्य आहे, पण निम्मंच. ॲपलनं २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ॲल्युमिनियमच्या एकसंध ठोकळ्यातून कोरून काढलेली मॅकबुकची बॉडी आणली, तेव्हा अनेक तुकड्यांच्या जागी एक तुकडा आला आणि जोड कमी झाले. जोड कमी म्हणजे वाजायच्या जागा कमी, हे आपल्या हिशोबाशी जुळतंच. पण तळाचं झाकण तिथेही वेगळं असतं, स्क्रूनं बसवलेलं असतं, हिंजा असतात आणि बॅटरी फुगते ती धातूच्या बॉडीतही. उलट २००६ च्या सुमाराच्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये बाहेरून प्लॅस्टिक आणि आत मॅग्नेशियमचा पिंजरा अशी रचना होती. बाहेरचं पॅनल कुरकुरलं तरी आतला सांगाडा ताठ राहायचा, आणि अशी यंत्रं लोकांनी वर्षानुवर्षं वापरली. प्लॅस्टिक वाकतं आणि पडल्यावर धक्का पचवतं, ॲल्युमिनियमला पोचा येतो तो तसाच राहतो. प्लॅस्टिकचं पॅनल सुटं आणि स्वस्त मिळतं, एकसंध धातूची बॉडी बदलणं परवडत नाही. म्हणून बॉडी कशाची आहे एवढ्यावरून निकाल देऊ नये. दुकानात लॅपटॉप घेताना तो एका हातानं एका कोपऱ्याला धरून उचलावा, कीबोर्डाच्या मधोमध दाबून पाहावं, झाकण मधोमध धरून एका बोटानं उघडून पाहावं. जोड कसे बसवले आहेत हे कळायला माहितीपत्रकापेक्षा एवढं पुरतं.

तिसरा आक्षेप रास्त आहे: हमीच्या मुदतीत आपण लॅपटॉप उघडला तर हमी जाऊ शकते. बरोबर, आणि म्हणून त्या मुदतीत उघडायची घाई करूच नये. पण ऐकायला, जागा शोधायला आणि तक्रार नोंदवायला कोणी अडवत नाही. हिंजेच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. पॅनल फाटून हिंज बाहेर आल्यावर गेलात की तुमच्या हाताळणीनं झालेलं नुकसान असा शेरा पडण्याची शक्यता असते, आणि तसं नुकसान हमीत सहसा बसत नाही. पहिल्या आवाजालाच फोनवर व्हिडिओ घेतला, कंपनीला ईमेलनं कळवलं आणि तक्रार क्रमांक मिळवला, तर पुढचा वाद मुळापासून बदलतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, तिथे काही कंपन्यांची दुरुस्तीविषयीची माहिती एकत्र मिळते. हमी संपल्यानंतर मात्र लॅपटॉप आपला, स्क्रू आपले. हात बसलेला नसेल तर चांगल्या कारागिराकडे जावं, पण जाताना ‘करकरतोय’ एवढंच सांगू नये. ‘उजव्या हिंजेपाशी, उघडताना, गेल्या महिन्यापासून’ असं सांगावं. दुरुस्तीचा निम्मा वेळ, आणि बहुधा पैसेही, त्या एका वाक्यानं वाचतात.

राहिला तो ‘चालतोय ना, मग चालू दे’ हा निकाल. तो सरसकट चुकीचा नाही. तळहाताखाली एकाच जागी, एकाच आवाजात, वर्षभर न वाढता कुरकुरणारं पॅनल असेल तर त्याकडे दुर्लक्ष केल्यानं काही बिघडत नाही, आणि त्यासाठी लॅपटॉप उघडून चार लॉक तोडण्यापेक्षा न उघडणं चांगलं. पण हे म्हणण्याचा अधिकार जागा ओळखून, बॅटरी आणि हिंज तपासून मगच मिळतो. आवाज नवा आहे, वाढतोय, जागा बदलतोय, त्याच्या जोडीला फट किंवा फुगवटा दिसतोय, यांतलं काहीही असेल तर तो चालू द्यायचा नसतो. बाकीच्यांसाठी एक पातळ पट्टी आणि दोन बोटांचा जोर पुरे आहे. आज रात्री काम संपलं की लॅपटॉप बंद करा, रिकाम्या टेबलावर ठेवा, चारही कोपरे दाबा आणि झाकण एकदा हळू उघडून मिटा. काही ऐकू आलं तर त्याची जागा आणि तारीख लिहून ठेवा.